साडेबारा हजार किलोमीटर आणि पुढचे पंचवीस

ताई टोरंटोहून येणार हे ठरलं आणि आमच्या अकोले गावातल्या घरात विमानाशिवाय दुसरा विषय उरला नाही. मी मोबाईलवर टोरंटो ते मुंबई अंतर काढलं: साडेबारा हजार किलोमीटर. नुसत्या उडण्याचेच पंधरा तास, मधे विमान बदलायचं ते वेगळं. आईने विचारलं, "मधी उतरायचं तिथं आपलं कोन हाय?" कोणीच नव्हतं. ताई लग्नानंतर पहिल्यांदाच येत होती, एकटीच, दहा दिवसांची रजा काढून. तिला यंदाची पंचमी आईजवळ करायची होती. फोनवर दुसरं काही बोलायचीच नाही.

मोबाईलने सगळं सांगितलं, एक सोडून. ताईचं सासर संगमनेरला. विमान मुंबईला उतरो की आणखी कुठे, सून आधी सासरीच उतरते. तिथून तिला माहेरी आणायला मुराळी जावा लागतो. मुराळी म्हणजे भाऊ, म्हणजे मी. संगमनेर ते अकोले पंचवीस किलोमीटर. एसटीला तासभर, तोही वाटेत चहा झाला तर.

ती आली त्याच्या दुसऱ्या सकाळी मी केळी आणि पेढे घेऊन हजर झालो. ताईच्या सासूबाई मोठ्या प्रेमळ. चहा दिला, आईची चौकशी केली आणि म्हणाल्या, "आज कशी धाडू? आज अवस हाय." आदल्या दिवशी सुनेने अख्खा समुद्र ओलांडला, त्याला कुणाची हरकत नव्हती. अकोल्याचा रस्ता मात्र धोक्याचा.

"मग उद्या मी एकटीच जाते की बसने," ताई म्हणाली.

सासूबाईंनी कानांना हात लावले. "एकटी? लोकं काय म्हनतील! तिकडं परक्या मुलखात कोन बघतंय? हितं समदे वळखीचे."

दुसऱ्या दिवशी नणंद येणार होती. तिसऱ्या दिवशी कुणा चुलत सासऱ्यांना परदेशातली सून बघायची होती. मी रोज जायचो, रोज चहा प्यायचो आणि रोज परत यायचो. ताई ओढणी सावरत पाहुण्यांपुढे पोह्यांच्या बशा ठेवायची. तिच्या अंगात अजून टोरंटोची रात्र होती, डोळे उघडे राहत नव्हते. मला इतका राग यायचा की पेढ्यांचा पुडा तिथेच आपटावा. आपटला नाही. मुराळी आपटून निघून जातो, ऐकून बहिणीला घ्यावं लागतं.

शेवटी पंचमीच्या दुपारी परवानगी मिळाली. "उद्या दुपारपर्यंत आणून सोडा. रात्रीचं विमान हाय."

आईने पुरणाचे दिंड केले होते. विचारायचं म्हणून कितीतरी साठवून ठेवलं होतं. ताईने दोन घास खाल्ले, आईच्या मांडीवर डोकं टेकलं आणि बोलता बोलता झोपली. संध्याकाळी मी उठवायला गेलो, तर आईने हात धरला. "ऱ्हाऊ दे. लई दमलीय."

ताई सकाळी उन्हं वर आल्यावर उठली आणि रडायलाच लागली. निघायची वेळ झाली होती.

तिला पोचवून मी घरी आलो, तेवढ्यात सासूबाईंचा फोन. "एवढ्या लांबून लेक आलेली, पोटभर बोललात ना मायलेकी?"

"व्हय," आई म्हणाली, "लई बोललो."