सेल नसलेल्या बटनाचा सिग्नल

या सदरातले अनुभव मी नेहमी वाचते, पण खरं सांगायचं तर विश्वास ठेवून नाही. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेली बाई मी, भंडाऱ्यात इन्व्हर्टर-कॅमेरे दुरुस्तीच्या दुकानात काम करते. काही विचित्र ऐकलं की आधी मनात येतं – वायर कुठे ढिली असेल? आजही तसंच येतं. फक्त या एका बाबतीत ती वायर मला सापडलेली नाही.

आमचं घर अड्याळला. नवरा नोकरीसाठी नागपूरला, पंधरा दिवसांनी येतो. घरात मी आणि सासूबाई. त्यांना मी आत्या म्हणते. गेल्या वर्षी त्यांना लकवा झाला, डावं अंग गेलं. बोलणं अडखळत, पण डोकं शाबूत. मी दिवसभर बाहेर, म्हणून त्यांच्या खाटेला एक वायरलेस बटन बांधलं. त्यांनी दाबलं की समोरच्या खोलीतल्या रिसीव्हरला सिग्नल आणि तिथून वायफायवर माझ्या मोबाईलला घंटी. मग मी शेजारच्या शेवंताकाकूंना फोन करायचा. त्यांच्याकडे किल्ली असते, त्या बघून यायच्या.

ऐकायला सोपं... पण सिग्नल पोचेचना. मधे दोन जाड मातीच्या भिंती, वर टिनाचे पत्रे. दहादा दाबलं तर तीनदा लागायचं. रिसीव्हर लोखंडी आलमारीवरून हलवला, राऊटरपासून दूर नेला. आतली स्प्रिंगसारखी अँटेना काढून सव्वासतरा सेंटिमीटरची सरळ तार लावली. शेवटी केबल ओढून अँटेनाच पत्र्याच्या वर, बांबूवर उभी केली. दीड महिना हेच – एसटीतून उतरायचं, स्वयंपाक, आत्यांचं अंग पुसणं, आणि मग शिडी. सिग्नलची ताकद उणे आकड्यात दिसते, शून्याच्या जितकी जवळ तितकी चांगली. उणे एकशे आठवरून मी ती उणे चौऱ्यांशीवर आणली. त्या दिवशी मला रडू आलं. आनंदानं नाही, दमून.

एका सोमवारी सकाळी बटनाचा लाल दिवा मंद वाटला. तसला सेल गावात मिळत नाही. म्हणून बटन खाटेवरून सोडवलं, सेल काढून कागदात गुंडाळला, दोन्ही पर्समध्ये टाकले आणि काकूंना सांगून निघाले – आज बटन नाही, मधून मधून बघाल.

दुपारी अडीचच्या सुमारास दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. स्टुलावर बसल्या बसल्या माझा डोळा लागला. मोबाईलच्या घंटीनं जाग आली. स्क्रीनवर – 'आत्या, बटन'.

पर्स उघडली. बटन तिथेच. सेल कागदात, वेगळा. तरी मी काकूंना फोन लावला. का, ते सांगता येत नाही. सवयीनं असेल.

थोड्या वेळानं त्यांचाच फोन आला. दम लागला होता त्यांना. "बाई, खाट अन् भिंतीच्या मधात पडल्या होत्या. तोंडावर गोधडी, दम घुटून राहिला होता. आता बऱ्या हायेत, पानी पाजलं. पन तुले तिकडं कसं समजलं? मी तं जेवून जराशी लवंडली होती."

मी काहीतरी बोलले आणि मिळेल त्या एसटीनं घरी आले.

रिसीव्हरची नोंद पाहिली. आमच्याच बटनाचा कोड. ताकद उणे अडतीस.

दुकानाच्या मालकांचं म्हणणं, कोणाच्या तरी गाडीच्या रिमोटचा कोड जुळला असेल. गल्लीत अशा दोन मोटरसायकली आहेत. दोघांचे रिमोट मागून आणले, दाबले, रिसीव्हर ढिम्म. मग नवा सेल घालून बटन घेऊन घरभर फिरले. अँटेनेच्या अगदी खाली, अंगणात – उणे साठ. शिडीवर चढून बटन तारेला टेकवून दाबलं तेव्हा उणे अडतीस आलं. आणि त्या दुपारी बटन अड्याळात नव्हतंच. काकूंनी कुलूप उघडलं तेव्हा शिडीही घरात, भिंतीला आडवी होती.

दोन दिवसांनी आत्यांचे केस विंचरताना विचारलं, "आत्या, तुम्ही पडलात तेव्हा कोणी आलं होतं का?"

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "काहून विचारून राहिलीस? तूच तं आली होतीस. माह्या उशाशी बसलीस. म्हनलीस, माह्याकडून उचलनं होत नाही आत्या, सांगून येते."

"मी कामावर होते."

"तं मंग कोन होती?" त्या म्हणाल्या. रागानं नाही, साधंच विचारावं तसं.

याला चार महिने झाले. अँटेना नीट चालते, बटनं आता दोन आहेत, सेल वेळेवर बदलते. तसा सिग्नल पुन्हा आला नाही. स्पष्टीकरण माझ्याकडे नाही, आणि खरं म्हणजे शोधायची ताकदही उरलेली नाही. आत्या मात्र कधी कधी संध्याकाळी, मी चप्पल काढते न काढते तोच विचारतात, "आज दुपारी नाही आलीस?"

काम होतं, म्हणते मी. आणि तांदूळ धुवायला घेते.