आबांचं कागदावरचं वय

ऐंशीच्या दशकाची मधली वर्षं. नाशिकच्या आमच्या दवाखान्यात अतिदक्षता विभाग नुकताच सुरू झाला होता. सहा खाटा, श्वासाची दोनच यंत्रं आणि सिस्टर मी. माझ्या तोंडाला अख्खा दवाखाना वचकून असायचा, उगाच कशाला लपवू!

मुंबईहून एक तरुण डॉक्टर आले. हुशार, पण पुस्तकी. त्यांनी एक सायक्लोस्टाइल केलेला तक्ता आणला होता. न्यूमोनियाचं म्हातारं माणूस आलं की वय, श्वास, रक्तदाब, शुद्ध, सगळ्याचे गुण मांडायचे. बेरीज फार झाली की पेशंट वाचत नाही असं समजायचं, आणि यंत्र लावायचं नाही. सत्तरीला तर नुसत्या वयाचेच इतके गुण पडायचे की पुढचं बघायलाच नको.

नातेवाइकांना याचा सुगावा लागायला किती वेळ? पंचाहत्तरीचे आजोबा साठीचे व्हायला लागले. मी सोडते होय! थोरला मुलगा केवढा, नातीचं लग्न झालं का, असं खोदून खोदून खरं वय काढायची. पंचवटीतला एक भाजीवाला आपल्या वडिलांना घेऊन आला. "बासष्ट लिहा सिस्टर. परवापर्यंत डोक्यावर पाटी घेऊन बाजारात यायचे हो."

"पाटीचं राहू द्या. तुम्हीच पन्नाशीचे दिसताय," म्हणत मी खोदून खोदून खरं वय काढलं आणि बहात्तर लिहिलं. बेरीज फार झाली. तो वडिलांना रिक्षात घालून घरी घेऊन गेला.

त्याच हिवाळ्यात नामपूरहून माझ्या वडिलांना, आबांना, आणलं. फ्लू छातीत उतरलेला, दोन्ही फुप्फुसं भरलेली, ओठ निळे पडलेले. डॉक्टरांनी तक्ता काढला. "सिस्टर, वडिलांचं वय?"

आबा सत्तर वर्षांचे होते. पण ते शाळेत शिपाई म्हणून लागले, तेव्हा नोकरी जास्त वर्षं टिकावी म्हणून हेडमास्तरांनी त्यांची नऊ वर्षं कापली आणि जन्मतारीख टाकली एक जून. आमचं निम्मं गाव एक जूनलाच जन्मलंय.

"एकसष्ट," मी म्हटलं. "गेल्याच वर्षी रिटायर झालेत. सरकारी कागद आहे." जीभ जरासुद्धा अडखळली नाही.

बेरीज काठावर थांबली. यंत्र लागलं. मी देव पाण्यात घालून बसले. आठवडा गेला, ताप उतरला आणि एका सकाळी नळी निघाली. आबा वाचले! औषधांच्या खोलीत जाऊन मी मनसोक्त रडून घेतलं.

दुसऱ्या दिवशी राउंडला डॉक्टर मोठ्यानं वाचू लागले, "पेशंट पुरुष, वय एकसष्ट..."

आबांनी डोळे उघडले. घसा बसलेला, पण ताठा तोच, बोली गावाकडचीच. "एकसष्ट कोन? सत्तर शे मनं वय! मना धाकला भाऊ पासष्टचा शे!"

मेले! मी सलाइनच्या बाटलीत काहीतरी शोधायला लागले. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, पेन काढलं आणि तिथेच उभ्यानं पुन्हा बेरीज केली. "बाबा, या तक्त्याप्रमाणे तुम्ही वाचायलाच नको होतं."

आबांनी उशाजवळचा चहाचा कप उचलून दाखवला. "मंग हाऊ चहा कोन पी राहिना?"

सगळा वॉर्ड हसला. डॉक्टरही हसले. मग स्टूल ओढून बसले आणि आबांना विचारत राहिले, आजाराआधी दिवसभर काय करायचात? आबांनी यादीच ऐकवली. विहिरीचं पाणी शेंदणं, सायकलवर कांदा मार्केटला चक्कर, येताना कुणाशी तरी भांडण.

जाताना डॉक्टर मला म्हणाले, "सिस्टर, खरं तर तुम्हाला मेमो द्यायला हवा." मेमो काही आला नाही. दुसऱ्या दिवशी तक्त्याच्या वर लाल शाईत एक ओळ आली. गेल्या महिन्यापर्यंत पेशंट स्वतः काय काय करत होता? ही ओळ आधी भरायची, वय नंतर.

ती ओळ भरायला मी पहिल्यांदा पेन उचललं आणि तो भाजीवाला डोळ्यांसमोर उभा राहिला. न विचारताच त्यानं मला उत्तर दिलं होतं. मी पाटीचं काही लिहिलं नव्हतं. वय मात्र अगदी बरोबर लिहिलं होतं.