हत्ती, नग एक

लेखापरीक्षकाच्या ऑफिसात मी एकवीस वर्षं टायपिंग करतोय. हिशेबाची पदवी घेऊन मुलं आमच्याकडे तीन वर्षं उमेदवारीला येतात. शेवटी साहेबांनी फॉर्मवर सही केली, तरच परवान्याच्या परीक्षेला बसता येतं. येतात तेव्हा कसला तोरा! जाडजूड पुस्तकं तोंडपाठ, पण पंचिंग मशीन उलटं धरतील. कारखान्यात जायचं, मी टाइप केलेल्या यादीतली प्रत्येक वस्तू डोळ्यांनी बघायची आणि मगच तिच्यापुढे हिरव्या पेनानं टिक मारायची, एवढंच त्यांचं काम. कुणी बघत नाही. कँटीनमध्ये पंख्याखाली बसून धडाधड टिक मारतात आणि दमल्याचं नाटक करत परततात.

म्हणून दर वर्षी मी एक ओळ पदरची घालतो : हत्ती, नग एक. आजवर प्रत्येकानं तिच्यापुढे टिक मारली. मी मनसोक्त हसतो, ते पान पुन्हा टाइप करतो, हिरव्या खुणाही मीच करतो आणि यादी साहेबांकडे पाठवतो. साहेब सही करताना कागद सोडून सगळीकडे बघतात.

मग माझी पुतणी आली. कॉलेजात पहिली, म्हणून घरात तिचं नावच ‘पहिली’ पडलं होतं. भावानं तिची मार्कलिस्ट काचेत लावली होती. लेखापरीक्षणाच्या पेपरात त्र्याण्णव! अडीच वर्षं साहेबांनी तिला टेबलावरच राबवलं. कारखान्याची यादी मिळाली ती अगदी शेवटी. ही तरी बघेल, असं मला मनापासून वाटत होतं.

दुपारी तिनं यादी आणि फॉर्म माझ्यापुढे ठेवले. त्रेसष्टावी ओळ : हत्ती, नग एक. पुढे हिरवी टिक. तेवढ्यावर थांबेल ती पहिली कसली! शेऱ्याच्या रकान्यात वळणदार अक्षरात लिहिलं होतं, ‘स्थिती उत्तम’.

“हत्ती बघितलास?” मी विचारलं.

तिनं ओळ वाचली. कान लाल झाले. “काका, फॉर्मची उद्या शेवटची तारीख आहे.”

“कारखान्यात गेली होतीस का?”

“कँटीनपर्यंत गेले होते. साहेबांना सांगू नका ना. वर्ष जाईल माझं. बाबांना काय तोंड दाखवू?”

काय दिवे लावले होते पोरीनं! तरी मी नवं पान टाइप करायला घेतलं. तेवढ्यात साहेब घाईघाईत आले, टेबलावरचे दोन्ही कागद उचलून त्यांवर सह्या केल्या आणि निघून गेले. मी तोंड उघडलं असतं तर तिचा फॉर्म फाटला असता. पण ती ओळ कुणी घातली, हेही निघालं असतं. मी मूग गिळून बसलो. सही झालेल्या यादीची प्रत हत्तीसकट कारखान्याला रवाना झाली.

पहिली पहिल्याच फटक्यात पास झाली. भावानं गल्लीभर सांगितलं. साहेबांनी तिला ऑफिसातच ठेवून घेतलं. केबिन दिली, सहीचा अधिकार दिला.

यंदा कारखान्याकडून वस्तूंची नवी यादी टाइप करायला आली. तिथल्या स्टोअरकीपरची पंचाईत झाली असणार. आमच्या सहीशिक्क्यानिशी उभा असलेला हत्ती बिचारा दाखवणार कुठून? त्यानं लिहिलं होतं : हत्ती, नग एक, दुरुस्तीला पाठवला आहे.

मी यादी पुतणीपुढे ठेवली. वाटलं, आता तरी खो खो हसेल, ती ओळ खोडेल, मलाही चार शब्द सुनावेल. मला ते हवंच होतं. तिनं ओळ शांतपणे वाचली. चेहऱ्यावरची रेष हलली नाही. सही केली.

“काका, कधी परत येणार ते विचारून घ्या. तारीख लिहावी लागेल.”

मी फोन लावला. पुढच्या महिन्यात, असं स्टोअरकीपर म्हणाला. मी लिहून घेतलं.