दहा रुपयांची पाच वर्षं

निपाणीत माझी आई तंबाखूच्या वखारीत कामाला होती. पानांतल्या शिरा काढायच्या, दिवसभर शिंकायचं आणि संध्याकाळी हसत घरी यायचं, असा तिचा शिरस्ता. स्वतः अंगठेबहाद्दर, पण मला बेळगावच्या कॉलेजात धाडायचं तिनं कधीच ठरवून टाकलं होतं.

मी सातवीत होते. शाळेत नुकतंच सरळव्याज शिकवलं होतं. एका संध्याकाळी आई म्हणाली, "पोस्टात म्हैन्याला धा रुपये टाकलं तर पाच वर्सांनी किती हुत्यात, सांग बगू."

व्याज दहा टक्के धरलं. पहिले दहा रुपये साठ महिने राहणार, दुसरे एकोणसाठ, असं करत वहीची तीन पानं भरली. उत्तर आलं सातशे साडेबावन्न. आईनं ते मला तीनदा म्हणायला लावलं.

शनिवारी आम्ही पोस्टात गेलो. तिथले कारकून कानडी बोलणारे. माझी वही त्यांनी नीट वाचली, मग छापील तक्ता काढला.

"आक्का, पोरीचं लेक्क, म्हणजे हिशेब, चांगलं आहे, पण कमी आहे. पावणेआठशेच्या आसपास मिळतात."

माझे कान लाल झाले. त्यांनी समजावलं, दर तीन महिन्यांनी व्याज मुद्दलात मिसळतं, मग त्या व्याजालाही व्याज लागतं.

आईनं तक्त्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "म्हंजे व्याजालाबी पोरं हुत्यात व्हय?"

अख्खं पोस्ट हसलं. आई मात्र गंभीर होती. आजवर व्याज म्हणजे आमच्या घरातून बाहेर जाणारी गोष्ट. ते आत येतं, हे तिला पहिल्यांदाच कळत होतं. तिनं तिथंच खातं उघडलं आणि ठसठशीत अंगठा उमटवला.

दुसऱ्या दिवशी वखारीतल्या बायका आमच्या दारात. कुणाला लेक नर्स करायची, कुणाला मास्तरीण.

"माझ्या पोराला डाक्टर करायला म्हैन्याला किती टाकू गं?" एकीनं विचारलं.

मी खूप आकडेमोड करून सांगितलं, "चारशे."

"मग कंपाउंडरचं बग!" ती म्हणाली, आणि सगळ्या लोळेस्तोवर हसल्या.

आईनं एकही हप्ता चुकवला नाही. आजारी असली की मला पिटाळायची. माझी पी.यू.सी., म्हणजे बारावी, संपली तेव्हा पैसे हातात आले. दोघी एस.टी.नं बेळगावला गेलो. बी.एस्सी.ची फी, हॉस्टेलची अनामत, पुस्तकं, सगळं भागून नव्वद रुपये उरले. आईनं ते माझ्या धाकट्या बहिणीच्या खात्यासाठी कनवटीला खोचले. मग थबकून त्यातले पाच काढले आणि कुंदा, बेळगावची खव्याची मिठाई, घेतला.

"घरी नेऊया," मी म्हटलं.

"नेऊया की," ती म्हणाली, आणि बस सुटायच्या आतच पुडा सोडला. संकेश्वर येईपर्यंत आम्ही दोघींनी तो संपवला होता, आणि धाकटीला काय सांगायचं याची जुळवाजुळव करत निपाणीपर्यंत हसत राहिलो.