दुखणं कधीपासूनचं

आधी शोभाताईंचं नाव लिहिते. आज मी भाकरी चावून खाते, तोंडावर गार पाणी मारते, ते त्यांच्यामुळे. पुढचं मात्र मी कुणालाच सांगितलेलं नाही — आईला फोनवर नाही, देवापुढेही नाही.

मी किनवटकडची, सातवीत शाळा सोडलेली. सातपूरला एका लहान वर्कशॉपमध्ये प्रेस मशीनवर लागले. जोडीला शोभाताई. त्या पत्रा साच्यात ठेवायच्या, हात काढायच्या, ‘हं’ म्हणायच्या — मग मी पायाने पेडल दाबायचं. दिवसभर तेवढंच. हं, दाब. हं, दाब.

दुखणं तुम्हाला कसं सांगू? उजव्या गालाला विजेची तार लावावी तसं. दात घासताना, ओढणी गालाला लागली तरी, कधी नुसत्या पंख्याच्या वाऱ्याने. दोन क्षण — पण त्या दोन क्षणांत माणूस माणूस राहत नाही. दातांचंच असेल म्हणून दोन दाढा काढून घेतल्या. चांगल्या दाढा होत्या. दुखणं तिथेच. कामावर मी बोलले नाही. बोलले असते तर मशीनवरून उठवलं असतं, आणि मग परत गावी —

ऑपरेशनचं आधी सांगते. बघा, अजून मी मुद्द्यापासून लांबच पळतेय.

मागच्या वर्षी पाणी पिणंही जमेना. गल्लीतल्या डॉक्टरांच्या गोळ्यांनी नुसती गुंगी यायची. जगून काय करायचं, असं वाटायला लागलं. शोभाताईंनी मला रिक्षात घातलं आणि मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी तपासण्या करून सांगितलं, चेहऱ्याची नस डोक्यात जिथून निघते तिथे एक रक्तवाहिनी तिला घासतेय. कानामागून उघडायचं आणि दोन्हींच्या मध्ये कापसासारखा तुकडा ठेवायचा. मग विचारलं, “त्रास कधीपासून?”

शोभाताई शेजारीच बसल्या होत्या. मी म्हणाले, “सहा महिने झाले.”

तीन वर्षं झाली होती.

जो आपलं डोकं उघडणार, त्याच्याशी कुणी खोटं बोलतं का? मी बोलले. कारण ऑपरेशनच्या दीड वर्ष आधी त्याच प्रेसमध्ये शोभाताईंच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली होती. खरं सांगितलं असतं तर त्यांना सगळं कळलं असतं.

त्या दिवशी पत्रा नीट बसेना. त्यांचा हात आतच होता. मागचा पंखा कुणीतरी माझ्याकडे फिरवला, गालात तार पेटली — आणि माझा पाय खाली गेला. त्यांनी ‘हं’ म्हटलंच नव्हतं. सुपरवायझरने विचारलं तेव्हा मी म्हणाले, “ताई हं म्हणाल्या.”

आणि त्यांनी — हेच मला सोसत नाही — त्यांनी ते मानलं. पट्टी बांधलेला हात छातीशी धरून दुसऱ्या हाताने माझीच पाठ थोपटली. “सवयीनं तोंडातून गेलं असेल गं. तू नको रडू.” वर हसल्या, “आता कुणाला पाच मिनिटं थांब म्हणून हात दाखवायची सोय नाही. तीनच!”

ऑपरेशनच्या कागदावर नातेवाइकाची सही हवी होती. माझं इथे कोण? त्यांनी अंगठा आणि अनामिकेत पेन धरला, हळूहळू सही केली. नातं विचारलं तर म्हणाल्या, “बहीण लिहा.” मी शुद्धीवर आले तेव्हा गाल गप्प होता, आणि त्या पेजेची वाटी घेऊन उभ्या होत्या. मी रडले. त्यांना वाटलं, आनंदाने.

आता त्या पॅकिंगला असतात. मशीनवर नवीन बाई आली की तिला हात दाखवतात — “हात काढल्याशिवाय हं म्हणू नका बायांनो. मी म्हणाले, बघा काय झालं.” मी शेजारीच असते. काय करते मी? मान डोलावते.

दुखण्यामुळे झालं, असं मी म्हणणार नाही. पाय दुखण्यामुळे पडला असेल. पण सुपरवायझरशी बोलले तेव्हा माझा गाल दुखत नव्हता.

शोभाताई, एक दिवस त्या बायकांसमोर, सुपरवायझरसमोर, तुमच्याआधी मी तोंड उघडेन. तुमच्या माथी मारलेली चूक माझ्या अंगावर घेईन. अजून घेतलेली नाही.