सोळा एमएमचा पट्टा

"एवढं जाड कशाला आणलंत?" माझी बायको हलिमा म्हणाली.

माझ्या बॉयलर सूटचा उजवा गुडघा फाटला होता. ठिगळासाठी मी वर्कशॉपमधून ताडपत्रीचा तुकडा आणला होता. तिला हल्ली बारीक दिसत नव्हतं, म्हणून सुईत दोरा मी ओवून देत होतो. दिसत मलाही नाही, पण सुई ओवणं आणि वेल्डिंग हाताला कळतं.

"जाड टिकतं," मी म्हणालो.

"ठिगळ टिकतं. कापड त्याच्या कडेला फाटतं."

ताडपत्री तिने बाजूला टाकली. जुन्या पायजम्याचा मऊ तुकडा घेतला आणि त्याचे चारही कोपरे कात्रीने गोल केले. गोल का, ते मी विचारलं नाही. चहा प्यायलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. छातीत कळ आली, अँब्युलन्स आली, खलास. गाव रत्नागिरी, पण इथे आखातातल्याच कब्रस्तानात दफन केली. तिसऱ्या दिवसाचा तिजा झाला आणि मी कामावर गेलो. हमद टाउनच्या दोन खोल्यांत भिंती बघत बसण्यापेक्षा तुबलीचं गॅरेज बरं.

माझं काम चासीचं. चासी म्हणजे गाडीचा सांगाडा. दोन लांब पोलादी चॅनल, त्यांच्यामध्ये आडवे तुकडे, शिडी आडवी ठेवल्यासारखं. इंजिन, केबिन, माल, सगळं त्या शिडीवर बसतं. चिरली तर मी जोडतो. शाळा सहावीपर्यंत, बाकी सगळं हाताने शिकलो.

दीड महिन्याने पाण्याचा एक टँकर परत आला. ठिगळाच्या त्याच दिवशी मी त्याची चीर वेल्डिंग करून वरून सोळा एमएमचा पट्टा मारला होता. मूळ चॅनल आठचा. दुप्पट जाड, म्हणजे दुप्पट मजबूत, असा माझा हिशेब. टँकरबरोबर टँकरवाल्या कंपनीच्या इंजिनीअर आल्या होत्या, पुण्याच्या कुलकर्णी मॅडम.

"चाचा, तुमचा जोड तुटला."

मी गाडीखाली सरपटलो. "जोड शाबूत आहे मॅडम. जोडाच्या शेजारी तुटलंय."

"मग पेढे वाटू का?"

ते बघून माझं डोकं तिथेच अडकलं. वेल्डिंग धड, पट्टा धड, आणि पट्ट्याला लागून मूळ चॅनलचं पोलाद कापल्यासारखं. का?

आधी पोलादावर संशय घेतला. ग्राइंडर लावला की ठिणग्या सांगतात. नरम लोखंडाच्या लांब सरळ जातात, कडक पोलादाच्या फुलबाजीसारख्या फुटतात. चिरेपाशी आणि मागच्या टोकाला, दोन्हीकडे लावून बघितलं. ठिणग्या सारख्याच. मग रॉकेल चोळलं, पुसून कोरडं केलं, वर खडू फासला. चिरेत शिरलेलं रॉकेल खडूवर उमटतं, डोळ्याला न दिसणारी चीरही दिसते. रेघ निघाली ती बरोबर पट्ट्याच्या खालच्या कोपऱ्यातून. समोरच्या चॅनलला पण मी तसाच पट्टा मारला होता. तिथे अजून काही तुटलं नव्हतं, पण खडू फासला तर केसाएवढी रेघ. कोपरा तोच.

खराब पोलाद कुठेही तुटेल. ते कोपरा शोधत जात नाही.

मी खालून निघून गुडघ्यांवर बसलो. समोर माझाच गुडघा. दीड महिना काँक्रीटवर घासून ठिगळ विरलं होतं, पण भोवतालचं कापड कुठे उसवलं नव्हतं. मी गुडघा वाकवला, सरळ केला. ठिगळ कापडाबरोबर वाकत होतं.

"मॅडम, चासी वाकते का?"

"वाकायलाच हवी. एक चाक फुटपाथवर चढलं की सगळी चासी पिळते आणि परत सरळ होते. त्यासाठीच तसं पोलाद वापरतात. तुमचा पट्टा वाकू देत नाही. मग सगळा पीळ पट्ट्याच्या कडेवर येतो. त्यात तुम्ही तिथेच आडवं वेल्डिंग केलंत, म्हणजे तापवून ते आणखी कमजोर केलंत."

"हे तुम्हाला माहीत होतं?"

"मॅन्युअलमध्ये लिहिलंय. पट्टा चॅनलपेक्षा जाड नको, टोकं तिरकी हवीत, आडवं वेल्डिंग नको."

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"बोलले होते. तुम्ही म्हणालात, तीस वर्षं करतोय, पोरीने शिकवू नये."

म्हणालो असेन. मी म्हणतो असं.

मग त्यांनी विचारलं, "असा पट्टा आणखी कुठे मारलाय?"

एका लेबर बसला मारला होता. दुसऱ्या कंपनीची बस, रोज सकाळी चाळीस माणसं साइटवर नेते. सांगितलं असतं तर ती कंपनी अरबाबकडे येणार. अरबाब म्हणजे आमचा मालक, माझा व्हिसा त्याच्या हातात. माझ्या वयाच्या माणसाला दुसरा कोणी व्हिसा देत नाही. व्हिसा गेला की मी रत्नागिरीला आणि हलिमा इथे.

"आठवत नाही," मी म्हणालो.

टँकरचे दोन्ही पट्टे कापून काढले. नवे आठ एमएमचे घेतले, टोकं तिरकी केली, कोपरे घासून गोल केले. हात कोपरे घासत होते आणि डोळ्यांपुढे ती कात्री. संध्याकाळी हात धुतले आणि अरबाबच्या केबिनमध्ये गेलो. बसचं सगळं सांगितलं.

तो म्हणाला, "उद्या जा, बघून ये."

"आणि माझा व्हिसा?"

"इंशाल्ला," तो म्हणाला. त्याचा अर्थ तीस वर्षांत मला नक्की कळलेला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बस सुटायच्या आधी मी मजुरांच्या कॅम्पवर पोचलो. हातात रॉकेलची बाटली, खडू, टॉर्च. माणसं चढत होती.

"चाचा, टाइम हो गया," ड्रायव्हर म्हणाला.

"होने दे."

बसखाली गेलो, पुसलं, खडू फासला, थांबलो. खालच्या कोपऱ्यातून बोटभर रेघ उमटली. बाहेर येऊन ड्रायव्हरच्या हातातून चावी घेतली आणि सगळ्यांना खाली उतरवलं. दुसरी बस यायला तासभर लागला. तासभर त्यांनी मला चार भाषांत शिव्या दिल्या. तीन मला कळल्या.

कोणी म्हणालं जाड नको, तर का ते विचारावं. चहा नंतर प्यावा.