कामणची चंद्री आणि माझ्या पिशवीतला गूळ

...नळाला पाणी सहाला येतं आणि पावणेसातला जातं, म्हणून मी घाईघाईने पिंप भरत होते. कणीक मळून झाली होती, चहा उकळत होता. तेवढ्यात पिंपाचं झाकण हातून निसटून फरशीवर आपटलं. काय झालं ते कळायच्या आत मी जमिनीवर पडले होते, माझा मुलगा महेश माझ्यावर ओणवा आणि त्याचा तळवा माझ्या डोक्यावर घट्ट दाबलेला. थोड्या वेळाने तो उठला. "लागलं का गं, आई?" एवढंच विचारलं आणि दिवसभर खोलीबाहेर आला नाही.

महेशने सतरा वर्षं फौजेत काढली. परत येऊन वर्ष झालं, पण झोप नाही, बोलणं नाही. सून नातीला घेऊन माहेरी गेली. तिला मी दोष देत नाही. त्याचे वडीलही फौजीच. ते असेच गप्प राहिले आणि चार वर्षांपूर्वी गप्पच गेले. त्यांना मी कधी काही विचारलं नव्हतं. म्हणून महेशच्या बाबतीत मला दम निघेना.

माझी शाळा चौथीत सुटली, वाचायचा नाद चाळिशीनंतर लागला. वाचनालयातल्या एका मासिकात वाचलं, की माजी सैनिकांना घोड्यांच्या सहवासाने बरं वाटू लागतं. चौकशी केली तेव्हा कळलं, कामणच्या बाजूला घोडदळातले एक निवृत्त रिसालदार हेच काम करतात.

"घोडा बघायला मी काय लहान आहे?" महेश म्हणाला.

"मला बघायचाय. तू सोबतीला चल."

खोटंच बोलले.

मनवेलपाड्याहून रिक्षाने विरार फाट्याला गेलो, पुढे हायवेने बस. महेशला शेवटचीच सीट लागते, पाठीमागे माणूस बसलेला चालत नाही. त्यासाठी दोन बस सोडल्या. तुम्ही जाणार असाल तर सकाळी लवकर निघा, नंतर कंटेनरच्या रांगेत तास सहज जातो. चिंचोटी फाट्यावर वडापाव खाल्ला. महेशने अर्धा खाल्ला, तोही उभ्याने, रस्त्याकडे तोंड करून.

तिथला रिक्षावाला आम्हाला बघून हसला. "धबधब्याला ना, मावशी? आता पानी नाय. नुसते दगड बघाल."

"घोडे बघायचेत."

"मग बसा. ते काय आटत नाय."

दीडशे रुपये घेतले. शेवटचा रस्ता मातीचा आहे, बंद बूट घालून जा. माझ्या चपला गेल्या कामातून.

रिसालदारांनी महेशला विचारलं, "झोप किती?"

"दोन तास," मी म्हणाले.

"जेवण?"

"निम्मं टाकतो."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "वहिनी, जवान मुका आहे का?"

मी एक पाऊल मागे सरले. डॉक्टरांच्या गोळ्या चालू ठेवायच्या, घोडा त्यांच्या जागी नाही, हे त्यांनी आधीच बजावलं. मग महेशला गोल कुंपणात नेलं. आत चंद्री नावाची तांबडी घोडी मोकळी होती. तिला हाक मारायची नाही, पकडायची नाही. ती आपणहून आली तरच खरारा करायचा, म्हणजे ब्रशने अंग घासायचं. महेश ताठ उभा.

"सावधान कशाला? तिला तुमचा हुद्दा ठाऊक नाही," रिसालदार म्हणाले. "विश्राम!"

वीस मिनिटं काहीच घडलं नाही. मी कुंपणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत होते. मग चंद्रीने मान खाली घातली आणि एकेक पाऊल टाकत त्याच्याकडे निघाली. दोन हातांवर येऊन थबकली. मला राहवेना. घोड्याला गूळ आवडतो असं वाचलं होतं, पिशवीत खडा आणला होता. तो कुंपणातून पुढे केला.

चंद्री वळली आणि सरळ माझ्याकडे आली.

महेशने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि फाटकाकडे चालू लागला.

"वहिनी," रिसालदार हळू आवाजात म्हणाले, "ती त्याच्याकडे चालली होती. मध्ये तुम्ही आलात."

"चुकलं माझं."

"मग आता तबेल्यामागे जाऊन बसा. मी बोलावेपर्यंत बघायचं नाही." मग फाटकाकडे वळून, "जवान, थांबायचं की जायचं? तुम्हीच सांगा."

उत्तर ऐकायच्या आत मला तबेल्यामागे जावं लागलं.

गवताच्या गठ्ठ्यावर बसले. तीनदा उठले, तीनदा परत बसले. हायवेवरून हॉर्न ऐकू आला की वाटायचं, आता महेशने काय केलं असेल? यांच्या शेवटच्या आजारात दवाखान्याच्या बाकड्यावर बसले होते, तेव्हाही इतका जीव वरखाली झाला नव्हता.

तासाभराने बोलावलं. महेशच्या शर्टभर तांबडे केस चिकटलेले. काय झालं ते त्याने सांगितलं नाही, आणि ओठांवर आलेला प्रश्न मी गिळला. येताना पहिलीच बस घेतली, मधल्या सीटवर बसलो. वसई फाटा गेल्यावर तो म्हणाला, "उद्या पण जायचंय. मी एकटाच जाईन."

बरा झाला असं मी लिहिणार नाही. झोप त्या रात्रीही लागली नाही त्याला. पण "जाईन" हे तो स्वतः म्हणाला, माझ्या तोंडून नाही.

दुसऱ्या दिवशी महेश साडेसातला निघाला. मी खिडकीत गेले नाही, आणि तो परत येईपर्यंत एकही फोन केला नाही.